रिपोर्टमधली ती ओळ काय सांगते?

प्रश्न : माझं वय ३४. डाव्या स्तनात दोन सेंटिमीटरची, बोटाखाली सरकणारी गाठ लागली. सोनोग्राफी झाली, मग सुईने तुकडा काढून तपासला. ‘फायब्रोअ‍ॅडिनोमा’, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, असा रिपोर्ट आला. खाली आणखी एक ओळ आहे : ‘बायलेयर्ड एपिथेलियम, मायोएपिथेलियल सेल्स प्रिझर्व्हड, नो अटिपिया.’ सर्जन म्हणाले, काळजीचं काही नाही, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू. पण घरी आल्यावर मी वाचत बसले. एका ठिकाणी लिहिलं होतं की स्तनातल्या पेशी एकमेकींशी सतत बोलत असतात आणि ते बोलणं बंद पडलं की कॅन्सर होतो. तेव्हापासून मनात तेच : माझ्या पेशींचं बोलणं बिघडलं म्हणून ही गाठ झाली का? ओळखीच्या एका बाईंनी ‘पेशींमधला संवाद सुधारणाऱ्या’ कॅप्सूल सुचवल्या आहेत. त्या घ्याव्यात का? की गाठ काढूनच टाकावी?
– एक वाचक

उत्तर :

कॅप्सूल घेऊ नका. गाठ काढायची की ठेवायची यावर शेवटी येते. तो निर्णय सावकाश घेण्यासारखा आहे. आधी तुम्ही वाचलेल्या त्या वाक्याकडे वळू. ते अर्धं खरं आहे, आणि झोप उडवायला अर्धं खरं पुरतं.

तुम्ही रिपोर्टमधली खालची ओळसुद्धा जशीच्या तशी उतरवून पाठवलीत, हे फार बरं केलंत. बहुतेक जण निदानाचा शब्द वाचतात आणि कागद फाइलला लावतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असल्या ओळी लिहिणं हे माझं रोजचं काम. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ओळीतच आहे.

स्तनात दुधाच्या नळ्यांचं जाळं असतं. स्तनाग्रापासून आत जाताना नळ्यांना फाटे फुटत जातात, त्या बारीक होत जातात आणि टोकाला छोट्या पोकळ पिशव्यांचे घोस असतात. सुईने काढलेल्या तुकड्याचे अतिशय पातळ काप काचेवर घेऊन रंगवले की पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, बाकीचं गुलाबी. कापात नळी आडवी आली तर ती गोल दिसते. मध्ये पोकळी. पोकळीला लागून पेशींची एक रांग, या ल्युमिनल पेशी. दूध तयार करण्याचं काम यांचं. त्यांना बाहेरून वेढणारी, चपट्या केंद्रकांची दुसरी रांग, या मायोएपिथेलियल पेशी. त्याही बाहेर बेसमेंट मेम्ब्रेन नावाचं पातळ पटल, आणि पटलापलीकडे तंतू, ते तंतू तयार करणारे फायब्रोब्लास्ट, चरबी, रक्तवाहिन्या, रोगप्रतिकारक पेशी.

‘बायलेयर्ड’ म्हणजे हे दोन्ही थर जागच्या जागी आहेत. ‘मायोएपिथेलियल सेल्स प्रिझर्व्हड’ म्हणजे बाहेरचा थर शाबूत आहे. ‘नो अटिपिया’ म्हणजे पेशींच्या रूपात काही विपरीत नाही. बाहेरच्या थराबद्दल शंका असली तर आम्ही त्या थराच्या पेशींत असणाऱ्या पी-६३ नावाच्या प्रथिनासाठी वेगळी रंगतपासणी करतो. निरोगी नळीभोवती तेव्हा तपकिरी ठिपक्यांचं कडं उमटतं. पटल फोडून बाहेर पसरलेल्या कॅन्सरभोवती ते कडं नसतं. एक-दोन दुर्मीळ अपवाद सोडले तर स्तनाच्या स्लाइडवर निर्धास्त होण्यासाठी यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. आणि हे कडं असणं-नसणं हा थेट पेशींच्या आपसातल्या संबंधांचाच प्रश्न आहे.

या बाहेरच्या थराकडे बराच काळ कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. बाळ ओढायला लागलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात येतं, त्याने या पेशी आकसतात आणि दूध पुढे ढकललं जातं. तेवढंच यांचं काम, अशी समजूत होती. २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी स्तनातल्या ल्युमिनल पेशी वेगळ्या काढून कोलॅजनच्या जेलमध्ये एकट्या वाढवल्या. त्यांचे गोळे झाले, पण उलटे : जी बाजू आतल्या पोकळीकडे असायला हवी ती बाहेर. म्हणजे दूध कुठे सोडायचं याची दिशाच हरवलेली. त्याच जेलमध्ये मायोएपिथेलियल पेशी मिसळल्या तेव्हा दिशा सुधारली, आणि खऱ्या स्तनात असतात तसे दोन थरांचे पोकळ गोळे तयार झाले. या पेशी लॅमिनिन नावाचं प्रथिन बनवतात, आणि ल्युमिनल पेशींना आपली खालची बाजू कुठली हे त्यावरून कळतं. कॅन्सरच्या गाठींमधून काढलेल्या मायोएपिथेलियल पेशींना मात्र हे काम बहुतेक वेळा जमलं नाही, कारण त्या पुरेसं लॅमिनिन बनवत नव्हत्या.

म्हणजे एखादी ल्युमिनल पेशी नीट वागते ती काही एकटीच्या गुणांवर नाही. तिला खालून सांगणारं कुणीतरी असतं, बाजूने धरून ठेवणारं कुणीतरी असतं.

बाजूने धरून ठेवण्याची सोय वेगळी आहे. शेजारच्या दोन पेशींच्या आवरणांवर ई-कॅडहेरिन नावाची प्रथिनं असतात. कॅल्शियमच्या उपस्थितीत ती एकमेकांत अडकतात. हे नुसतं चिकटणं नसतं. त्या जोडाची आतली टोकं पेशीच्या सांगाड्याला बांधलेली असतात, त्यामुळे शेजारीण किती घट्ट आहे, ताण किती आहे, जागा शिल्लक आहे का, हे पेशीला आतून कळतं आणि त्यावरून विभाजन करायचं की थांबायचं हे ठरायला मदत होते. याशिवाय शेजारच्या पेशींमध्ये गॅप जंक्शन नावाचे अतिसूक्ष्म मार्ग असतात. कनेक्सिन प्रथिनांचे बनलेले हे मार्ग इतके अरुंद असतात की त्यांतून आयन आणि छोटे रेणूच पलीकडे जाऊ शकतात. शिवाय पेशीला पटलाशी बांधून ठेवणारी इंटेग्रिन प्रथिनं आहेत. ती बांधणी सुटून पोकळीत भरकटलेली निरोगी पेशी सहसा स्वतःहून मरते. नळी पोकळ राहते त्याचं हेही एक कारण.

आता हार्मोनकडे येते. इथे मला थोडा वेळ लागेल, पण सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहेत.

इस्ट्रोजेन स्तनातल्या पेशींना वाढायला लावतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण निरोगी स्तनात इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या पेशी मोजक्याच असतात आणि, गंमत म्हणजे, विभाजन करणाऱ्या पेशी सहसा त्या नसतातच. दवंडी पिटणारा स्वतः कामाला जात नाही, हुकूम गावाच्या कानावर घालतो, तसंच यांचं. इस्ट्रोजेन पोचलं की या पेशी अ‍ॅम्फिरेग्युलिन नावाचा रेणू बाहेर सोडतात. पौगंडावस्थेत नळ्या वाढतात तेव्हाचा त्याचा प्रवास उंदरांमध्ये नीट तपासला गेला आहे : तो पलीकडच्या फायब्रोब्लास्टपर्यंत जातो, फायब्रोब्लास्ट स्वतःचे वाढीचे रेणू पाठवतात, आणि मग नळीतल्या दुसऱ्याच पेशी विभाजन करतात. प्रोजेस्टेरॉनचंही असंच, तिथे निरोप नेणारे रेणू वेगळे, रँक-लिगँड आणि डब्ल्यूएनटी-४. एवढा वळसा कशासाठी? प्रत्येक टप्प्यावर थांबवायची सोय राहते म्हणून, असं मला वाटतं. हार्मोन रक्तातून सगळीकडे सारखंच फिरतं. नेमकी कुठे, किती आणि कधी वाढ व्हायची हे जागेवर ठरतं.

याचं घरगुती प्रत्यंतर अंगावर पाजणाऱ्या कित्येक बायकांना येतं. बाळ एकाच बाजूला पीत राहिलं तर दुसऱ्या बाजूचं दूध आटतं. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन तर दोन्हीकडे सारखंच पोचत असतं! न उपसलेल्या बाजूच्या पेशींना साठलेल्या दुधावरून आणि पडणाऱ्या ताणावरून जागच्या जागी खबर मिळते, आणि त्या कामकाज आवरतात.

दर महिन्यालाही छोट्या प्रमाणात हेच चालतं. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन वाढतं, नळ्यांच्या टोकाच्या घोसांमध्ये पेशींचं विभाजन वाढतं. गर्भ राहिला नाही तर जास्तीच्या पेशी मरतात आणि हिशेब पुन्हा जागेवर येतो. पाळीच्या आधी स्तन जड, दुखरे आणि हाताला गाठीगाठीचे लागतात ते या काळात. म्हणून स्वतः हाताने बघायचं असेल तर पाळी संपल्यानंतरच्या काही दिवसांत बघा. पाळीच्या आदल्या दिवशी चाचपून रात्रभर जागणाऱ्या पुष्कळ जणी मला माहीत आहेत.

मग कॅन्सरमध्ये काय होतं? तुम्ही वाचलंत, ‘बोलणं बंद पडतं’. काही ठिकाणी ते शब्दशः खरं आहे. स्तनाच्या कॅन्सरचा लोब्युलर नावाचा एक प्रकार आहे, एकूण रुग्णांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांमध्ये दिसणारा. त्यातल्या बहुतेकांत ई-कॅडहेरिन नाहीसं झालेलं असतं. स्लाइडवर त्या पेशी एकेकट्या, एकामागे एक ओळीने तंतूंमध्ये शिरलेल्या दिसतात. गोळा बांधायला एकमेकींना धरावं लागतं, तेच त्यांना जमत नाही, म्हणून हा प्रकार हाताला आणि मॅमोग्राफीतही उशिरा सापडतो.

पण याहून जास्त आढळणाऱ्या डक्टल प्रकारात ई-कॅडहेरिन सहसा टिकून असतं. तिथे बोलणं चालूच असतं, फक्त त्याची दिशा आणि मजकूर बदललेला असतो. स्तनाच्या दहा कॅन्सरपैकी साधारण सातांमध्ये इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या पेशी स्वतःच विभाजन करायला लागलेल्या असतात. मधला सगळा वळसा गळून पडलेला असतो. टॅमॉक्सिफेनसारखं औषध नेमक्या त्याच जागी आडवं येतं. शिवाय कॅन्सरच्या पेशी अबोल कधीच नसतात. त्या रक्तवाहिन्यांना बोलावून घेतात, फायब्रोब्लास्टना कामाला लावतात, रोगप्रतिकारक पेशींची दिशाभूल करतात. म्हणून ‘संवाद तुटला म्हणजे कॅन्सर’ हे सूत्र मला पटत नाही. संवाद असतोच. प्रश्न असा की तो शेजाऱ्यांना आवरतोय की फूस लावतोय.

याच मुद्द्यावर एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मीना बिसेल यांच्या गटाने १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. कॅन्सरसारख्या झालेल्या स्तनपेशी मऊ जेलमध्ये वाढवल्या की वेडेवाकडे ढीग होत. या पेशींवर एका इंटेग्रिनचं प्रमाण वाजवीपेक्षा जास्त होतं. ते रोखणारी अँटिबॉडी जेलमध्ये घातल्यावर त्याच पेशी वाढ थांबवून सुबक, गोल रचनेत बसल्या. त्यांच्या जनुकांमधले बिघाड तसेच होते, दुरुस्त काहीच केलेलं नव्हतं. बाहेरून येणाऱ्या सूचनांचा तोल तेवढा बदलला होता. हा प्रयोग प्रयोगशाळेतल्या बशीतला. उपचार म्हणून कुणी विकत असेल तर हात जोडून निरोप द्या. पण जनुकात बिघाड झालेली पेशीसुद्धा शेजाऱ्यांच्या धाकात राहू शकते हे त्याने दाखवलं. पुढे, २०१८ मध्ये, मध्यमवयीन आणि वयस्क निरोगी माणसांच्या अन्ननलिकेचं अस्तर तपासलं तेव्हा बऱ्याच मोठ्या भागात बदललेल्या जनुकांच्या पेशी सापडल्या, आणि कॅन्सर मात्र नव्हता. एखादी पेशी बिघडणं ही वयाबरोबर येणारी गोष्ट आहे. तिला पुढे जाऊ देणं न देणं पुष्कळदा आजूबाजूवर ठरतं.

आता तुमच्या गाठीबद्दल. मघाशी थोडक्यात सांगता आलं असतं, पण हे सगळं कळल्यावर ते जास्त नीट समजेल.

फायब्रोअ‍ॅडिनोमात दोन गोष्टी वाढलेल्या असतात : नळ्या आणि त्यांच्याभोवतीची तंतुमय ऊती. स्लाइडवर बऱ्याचदा तंतुमय ऊती इतकी फुगलेली असते की नळ्या दाबल्या जाऊन लांब, फटीसारख्या दिसतात. पण त्या दाबलेल्या फटीलाही दोन्ही थर असतातच. मला हे दृश्य दर वेळी बघायला आवडतं. २०१४ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांना आढळलं की दहापैकी साधारण सहा फायब्रोअ‍ॅडिनोमांमध्ये एमईडी-१२ या एकाच जनुकात बदल असतो, आणि तो फक्त तंतुमय ऊतीच्या पेशींमध्ये. नळ्यांच्या पेशींमध्ये तो नसतो! गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींमध्येही याच जनुकातला बदल वारंवार सापडतो. म्हणजे अशा गाठीत नळ्यांच्या पेशींत तो दोष नसतो. शेजारच्या तंतुमय ऊतीने वाढायचं ठरवलं, त्या तिच्या सांगण्यावरून वाढल्या, आणि वाढतानाही आपली शिस्त सोडली नाही.

तेव्हा, ‘माझ्या पेशींचं बोलणं बिघडलं का?’ या तुमच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असं : एका छोट्या जागेत वाढीचा निरोप जरा जास्त गेला, हो. पण ज्या व्यवस्थेच्या जोरावर स्तन स्तन राहतो ती व्यवस्था तिथे शाबूत आहे, आणि हे अंदाजाने कुणी म्हटलेलं नाही. एका पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोपखाली बघून सहीनिशी लिहून दिलं आहे. साधा फायब्रोअ‍ॅडिनोमा असणाऱ्या आणि घरात स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास नसणाऱ्या बाईचा धोका इतर बायकांपेक्षा लक्षणीय वाढत नाही. घरात आई, बहीण, मुलगी यांपैकी कुणाला असेल तर मात्र सर्जनना जरूर सांगा. मग तपासण्यांचं वेळापत्रक वेगळं ठरू शकतं. ‘तू काहीतरी केलंस म्हणून गाठ झाली’ असं घरात किंवा बाहेर कुणी सुचवत असेल तर ते कानाआड करा.

कॅप्सूलना मी पहिल्याच ओळीत नकार दिला तो यामुळे. पेशींमधला संवाद म्हणजे एकच एक वाहिनी नव्हे की जिचा आवाज वाढवला आणि झालं. जो रेणू पौगंडावस्थेत नळ्या घडवतो, तोच चुकीच्या जागी गाठीला खतपाणी घालतो. प्रोजेस्टेरॉनच्या निरोपांबद्दल वर लिहिलं. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) एकत्र घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीत दिसलं आणि तो भाग २००२ मध्ये थांबवावा लागला. अशा यंत्रणेत ‘सुधारणा’ करतो म्हणणाऱ्या गोळीवाल्याला विचारा : कुठला निरोप, कुठल्या पेशीकडून कुठल्या पेशीला, आणि वाढवणार की कमी करणार? उत्तर आलं तर मला कळवा. आणि ‘हार्मोन संतुलन’ असं लिहिलेल्या कुठल्याही उत्पादनात प्रत्यक्ष काय आहे हे माहीत नसताना, हार्मोनला दाद देणारी गाठ असलेल्या बाईने ते घेणं मला मुळीच रुचत नाही.

स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी करायला जे खरोखर उपयोगाचं आहे ते कुणी बाटलीत भरून विकत नाही. नियमित व्यायाम, दारू टाळणं, आणि पुढे रजोनिवृत्तीनंतर वजन आटोक्यात ठेवणं. बीजकोषांचं काम थांबल्यावर शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, म्हणून तेव्हा वजनाला महत्त्व येतं. मूल झालं आणि जमलं तर अंगावर पाजणं. २००२ मध्ये ३० देशांतल्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, तेव्हा पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. ही घट सापेक्ष आहे आणि लहान आहे, त्यामुळे ज्यांना पाजता आलं नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

राहिला काढण्याचा प्रश्न. दोन सेंटिमीटरची, सुईच्या तपासणीत पक्कं निदान झालेली, सोनोग्राफीशी जुळणारी गाठ तशीच ठेवणं हा योग्य आणि रूढ मार्ग आहे. अशा गाठी बहुधा आहेत तेवढ्याच राहतात, काही आपोआप लहान होतात, गरोदरपणात कधी वाढतात, रजोनिवृत्तीनंतर आक्रसतात. गाठ भराभर वाढत असेल, दुखत असेल किंवा आकारामुळे त्रास होत असेल तर काढावी. भराभर वाढणाऱ्या गाठीत फायलॉइड्स नावाचा तिचा भाईबंद नाही ना, हे बघावं लागतं. आणि तुम्हाला ती आहे या जाणिवेनेच चैन पडत नसेल, तर तेही काढण्याचं पुरेसं कारण आहे. त्यासाठी कुणासमोर ओशाळायचं काही नाही. फक्त भूल आणि व्रण यांचा हिशेब आधी सर्जनशी बोलून घ्या.

मधल्या काळात नवी गाठ, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव, कातडीला पडलेली खळी किंवा स्तनाग्र नव्याने आत ओढलं जाणं, यांतलं काही दिसलं तर सहा महिने थांबू नका, लगेच दाखवा. नाहीतर ठरल्या तारखेला जा, आणि जाताना आधीच्या सोनोग्राफीच्या फिल्म, मोजमापं आणि बायॉप्सीचा मूळ रिपोर्ट बरोबर न्या. जुनं मोजमाप समोर नसेल तर गाठ वाढली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.